निडीच्या वाटेवर गाडीत काय विणावे?

दिव्याहून रोह्याला जाणाऱ्या गाडीत बसलात की पनवेल मागे पडते आणि मग सोमाटणे, रसायनी, आपटा, जिते, हमरापूर, पेण, कासू, नागोठणे अशी एकेक स्टेशने येत जातात. रोहा येण्याआधी शेवटचे म्हणून एक लहानसे स्टेशन लागते. त्याचे नाव निडी. लांब पल्ल्याच्या गाड्या इथे थांबत नाहीत. त्या धडधडत निघून जातात आणि त्यांच्या वाऱ्याने फलाटावरचा पाचोळा दोन हात उडून पुन्हा खाली बसतो. सवारी गाडी तेवढी थांबते, तीही घटकाभर. चारसहा माणसे उतरतात, दोनतीन चढतात. आजूबाजूला भाताची खाचरे, त्यापलीकडे डोंगर. पावसाळ्यात सगळे हिरवेगार, भात निघाल्यावर त्याच खाचरांतून वालाचे वेल पसरलेले, आणि फाल्गुनात डोंगराच्या अंगाला मधूनमधून पळस पेटलेला.

पाहण्यासारखे काय आहे निडीत, असे तुम्ही विचाराल. देवस्थान नाही, किल्ला नाही, हॉटेल तर नाहीच. अवचितगड पाहायचा तर रोह्याच्या बाजूने चढावे लागते आणि धावीर महाराजांचे दर्शन घ्यायचे तर रोह्यात उतरावे लागते. पण निडीसारख्या स्टेशनाजवळ एक गोष्ट भरपूर असते, ती म्हणजे वेळ. दिवसातून मोजक्याच गाड्या. एक चुकली तर पुढचीची वाट पाहत बसायचे. गाडी मिळाली तरी पनवेलपर्यंत दीडपावणेदोन तास आणि दिव्यापर्यंत त्याहून जास्त. आपल्या बायकांना एवढा सलग वेळ घरी कधी मिळतो का, ते तुम्हीच सांगा. घरी बसले की म्हैस हंबरते, दूध उतू जाते, नाहीतर कोणीतरी हाक मारते. गाडीत मात्र कोणी हाक मारीत नाही. म्हणून आज या गाडीतल्या विणकामाविषयी, आणि मुख्य म्हणजे गाडीत नेण्यासाठी कोणते विणकाम निवडावे याविषयी तुमच्याशी बोलायचे आहे.

रेल्वे रोह्यापर्यंत आली ती १९८६ साली. त्याआधी या मुलखातली माणसे एसटीने जात, आणि त्याच्याही आधी खाडीतून. भरतीच्या पाण्यावर अंबा नदीतून नागोठण्यापर्यंत बोटी येत असत. नागोठण्याला सोळाव्या शतकातला जुना दगडी पूल आहे, त्यावरून गावाचे वय कळते. १९९८ च्या प्रजासत्ताकदिनापासून कोकण रेल्वे पुरी झाली आणि रोहा हे त्या लांबलचक लोहमार्गाचे तोंड झाले. आता हा मार्ग दुहेरी झाला आहे आणि गाड्या विजेवर धावतात. पूर्वी समोरच्या गाडीला वाट देण्यासाठी आपली गाडी कुठेतरी रानात अर्धा तास उभी राही, तो खोळंबा पुष्कळ कमी झाला. विणणाऱ्या बायांचे तेवढे नुकसानच झाले म्हणायचे!

हात रिकामे ठेवून बसणे शेतकऱ्याच्या घरात कोणालाच जमत नाही. देशावरचे धनगर दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात येतात, भात कापलेल्या शेतांत मेंढ्या बसवतात. त्यांच्याकडे कधी नीट पाहिले आहे का? कळपामागून चालता चालता टकळी फिरत असते आणि लोकरीचा धागा निघत असतो. रान संपेपर्यंत पुष्कळ सूत गुंडाळून झालेले असते. पुढे त्याचेच घोंगडे होते. वाटेत करायचे काम कसे असावे, हे त्यांच्याकडून शिकावे. सामान एका हातात मावेल एवढे असावे, नजर कामावर खिळून राहू नये, आणि मध्येच मेंढी पळाली तर ते जागच्या जागी सोडता यावे.

आपली गाडी पेणवरून जाते. याच पेण तालुक्यात गागोदे नावाचे गाव आहे. विनोबा भावे ११ सप्टेंबर १८९५ रोजी तिथे जन्मले. वर्ध्याजवळ नालवाडीला असताना त्यांनी टकळीवर तासन् तास सूत काढले. कातणाऱ्याला जी मजुरी मिळते तेवढ्यात माणसाला जगता येते का, हे स्वतः जगून पाहायचे होते त्यांना. गांधीजींनाही टकळी प्रिय होती, कारण ती कुठेही नेता येते आणि सभेत बसल्याबसल्याही चालवता येते. मोठा चरखा प्रवासात अडचणीचा होतो, म्हणून येरवड्याच्या तुरुंगात असताना त्यांनी पेटीत घडी घालून नेता येईल अशा चरख्यावर खटपट केली. त्याला येरवडा चक्र असेच नाव पडले. प्रवासात नेण्याजोगे काम कोणते, हा प्रश्न किती मोठ्या माणसांनी मनावर घेतला होता पाहा.

दोन सुयांवरचे विणकाम हे त्या मानाने आपल्याकडे नवे. एकोणिसाव्या शतकात मिशनच्या शाळांतून ते शिकवले जाऊ लागले आणि पुढे घरोघर पोचले. १९६२ साली चिनी आक्रमणाच्या वेळी देशभरच्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर, मोजे, मफलर विणून पाठवले. ज्यांनी उभ्या आयुष्यात बर्फ पाहिले नव्हते, त्यांनीही विणले. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या आजींना विचारून पाहा, एखादीला आठवत असेल.

परमुलखातही चालताफिरताना विणण्याची रीत फार जुनी आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड नावाची बेटे आहेत. तिथल्या बायका जळणाची माती खणून पाठीवरच्या टोपल्यांतून घरी आणीत आणि येताजाता, ओझे पाठीवर असतानाच, विणीत असत. कमरेला चामड्याचा पट्टा, त्याला भोके. एका भोकात सुईचे टोक रोवले की सुईचा भार पट्ट्यावर येतो आणि हात मोकळे चालतात. आपली बाई डोक्यावर मोळी घेऊन हात हलवीत येते, ती बाई पाठीवर ओझे घेऊन स्वेटर विणीत येई! फ्रान्सच्या नैर्ऋत्येला लांद नावाचा सखल, दलदलीचा प्रदेश होता. तिथले मेंढपाळ उंच काठ्या पायांना बांधून त्यांवरून चालत. चिखलात पाय रुतत नसत आणि लांबची मेंढरे दिसत. आणि त्या काठ्यांवर उभे राहून हे बाप्ये मोजे विणीत. दक्षिण अमेरिकेत पेरू देशात टिटिकाका सरोवरातल्या टाकिले बेटावर तर आजही टोप्या विणणे हे पुरुषांचेच काम आहे. तिथल्या वस्त्रकलेला युनेस्कोने २००५ साली मान दिला. तेव्हा गाडीत शेजारचा कोणी पुरुष तुमच्या सुयांकडे पाहून हसला, तर त्याला ही हकीगत जरूर सांगा.

आता कामाचे बोलू. गाडीत काय न्यावे?

पुष्कळ जणी इथेच फसतात. घरी जो स्वेटर सुयांवर चढलेला असतो तोच पिशवीत कोंबून निघतात. तो पाठीच्या भागापर्यंत आलेला असतो, जड झालेला असतो, त्याच्या वेलबुट्टीचा कागद वेगळा सांभाळावा लागतो, आणि काखेचे टाके कमी करायची वेळ नेमकी पेण स्टेशनच्या गर्दीत येते. मग सगळे उसवून ठेवायचे. नक्षीचे काम, मापाचे काम, दोन रंगांचे काम घरी दिव्याखाली करावे. गाडीत न्यायचे काम असे असावे की बोटांना ते पाठ असेल आणि डोळे खिडकीबाहेर गेले तरी बिघडणार नाही. सगळ्या ओळी सुलट, किंवा फार तर एक सुलट एक उलट. रंग एकच. आकार लहान. आणि पांढरा रंग नको, हे तर मी शपथेवर सांगेन. गाडीचा बाक, शेंगदाण्याची पुडी, शेजारच्या बाळाचे बिस्किट, या सगळ्यांना पांढऱ्या लोकरीची फार ओढ असते.

मफलर हे प्रवासाचे पहिले काम. ४० टाके घाला आणि रोह्यापासून विणत सुटा. ना वाढवायचे, ना कमी करायचे. दीड मीटरच्या आसपास झाला की टाके बंद करा. कोकणात मफलर कशाला, असे म्हणू नका. पौष-माघात पहाटे वालाच्या शेतावर जाणाऱ्या माणसाला, दूध घेऊन सायकलवरून निघणाऱ्या पोराला, रात्री भाजीला पाणी देणाऱ्याला तो लागतो. दव किती पडते ते शेतकऱ्याला ठाऊक. कानटोपी त्याहून उपयोगाची, पण तिला शेवटी टाके कमी करावे लागतात, म्हणून सरळ भाग गाडीत विणावा आणि माथा घरी.

सगळ्यांत सोयीचे म्हणजे चौकोनाचे काम. याचे गणित सांगते, ते लिहून ठेवा. चार प्लायची लोकर आणि दहा नंबरच्या सुया घ्या. ४० टाके घाला आणि सगळ्या ओळी सुलट विणा. अशा विणीत दोन ओळींची उंची साधारण एका टाक्याच्या रुंदीएवढी भरते, म्हणून ८० ओळी झाल्या की चौकोन होतो. हात घट्ट असेल तर दोनचार ओळी जास्त लागतील. तिरकी घडी घालून पाहावे, कडा जुळल्या की झाले. एक चौकोन सुमारे सोळा सेंटिमीटरचा होतो. ४० टाके गुणिले ८० ओळी म्हणजे ३,२०० टाके. मिनिटाला पंचवीसतीस टाके पडतात अशी सवयीची बाई धरली, तर पावणेदोन ते सव्वादोन तासांचे काम. निडीला बसलात तर दिव्याला पोचेपर्यंत एक चौकोन. परत येताना दुसरा. असे २० चौकोन झाले की चार आडवे आणि पाच उभे जोडून तान्ह्या बाळाचे दुपटे होते, चौसष्ट सेंटिमीटर रुंद आणि ऐंशी लांब. लोकर अडीचशे ग्रॅमच्या आत लागते. दहा खेपांत दुपटे! आणि गंमत अशी की पिशवीत कायम एकच चौकोन असतो. बाकीचे घरी कपाटात. पिशवी हरवली तरी एकच चौकोन जाईल, दुपटे जाणार नाही.

हे चौकोनाचे काम मला कसे कळले ते सांगितले पाहिजे, कारण त्याशिवाय हा सल्ला कोरडा वाटेल. आमच्या आईला दर पंधरा दिवसांनी उपचारासाठी मुंबईकडे न्यावे लागे. पहाटेची गाडी, मग दवाखान्यात नंबर लावून बसणे, मग संध्याकाळची गाडी. आई आयुष्यभर चिखलात वाकून लावणी केलेली बाई. आजारापेक्षा तिला त्या रिकाम्या बसण्याचाच जास्त त्रास होई. लोक बघतात, काय नुसती बसलीय म्हणतात, असे ती पुटपुटे. कोणी बघत नव्हते. मी सुया काढल्या तेव्हा ती म्हणाली, "मलाही दे काहीतरी हातात." विणणे तिला येत नव्हते आणि शिकायची तिची इच्छाही नव्हती. मी तिच्याकडे लोकरीची लडी दिली. गुडघ्यांवर लडी अडकवून ती गुंडा करू लागली. किती नीट गुंडा! घट्ट नाही, सैल नाही, सुंभ वळणारा हात तो. पुढे प्रत्येक खेपेला गुंडा तिचा आणि चौकोन माझा, अशी वाटणी झाली. पेणच्या पुढे गर्दी वाढली की ती गुंडा पदराखाली धरी, धागा हळूहळू सोडी, आणि मध्येच विचारी, "किती झाल्या ओळी?"

दवाखान्यात नेण्याचे विणकाम कसे असावे हे तिथे शिकायला मिळाले. नाव कधी पुकारतील त्याचा नेम नसतो. पुकारले की ओळ पुरी करायला वेळ नसतो. सुया तशाच आवळून उठावे लागते. म्हणून सुयांची टोके खोचायला बुचाचे किंवा जुन्या रबरी चपलेचे दोन तुकडे बरोबर ठेवावेत. टाके सुटत नाहीत आणि कोणाला टोचतही नाहीत. ओळी मोजण्यासाठी दर दहा ओळींनी कडेला रंगीत दोऱ्याची गाठ मारावी, म्हणजे गोंधळलेल्या मनाने परत आलो तरी कुठवर आलो ते सापडते. एका खेपेला डॉक्टरांनी बरे सांगितले नाही. त्या दिवशी परतताना मी सुया काढल्या नाहीत. आईने मात्र नागोठणे गेल्यावर पिशवी उघडली, लडी काढली आणि गुंडा करायला घेतला. निडीचे दिवे दिसेपर्यंत तिचा हात चालू होता. अशा दिवशी विणण्याची सक्ती स्वतःवर करू नये, पण पिशवी घरी विसरूही नये, एवढेच मी तुम्हाला सांगू शकते.

ते दुपटे पुरे झाले. भावाच्या मुलीला त्यात गुंडाळले. चौदाव्या-पंधराव्या चौकोनाची वीण बाकीच्यांपेक्षा घट्ट आहे, ते फक्त मला दिसते.

कोकणच्या हवेत लोकर विणायची तर थोडी काळजी लागते. हाताला घाम येतो, धागा सुईवर अडखळतो, लोकर मळते. बसण्याआधी हात धुऊन कोरडे करावेत आणि किंचित पावडर चोळावी. पावसाळ्यात लोखंडी सुयांना गंज धरतो आणि त्याचा डाग लोकरीवरून जात नाही; बांबूच्या किंवा प्लॅस्टिकच्या सुया बऱ्या. बांबूच्या सुयांवरून टाके चटकन घसरतही नाहीत, हलत्या गाडीत याचा फायदा होतो. लांब सरळ सुयांनी शेजारणीच्या बरगडीत कोपर जाते. तारेने जोडलेली गोल सुई मिळते, ती घ्यावी. मांडीतल्या मांडीत काम राहते आणि एक सुई बाकाखाली पडून हरवण्याची भीती नाही. गुंडा बाकाखाली गडगडत जाण्याचा प्रकार तर सगळ्यांना माहीत आहे. त्याला उपाय म्हणून मोडकी किटली न्यावी. गुंडा आत, धागा तोटीतून बाहेर, वर झाकण. पाहणारे हसतील खरे, पण गुंडा स्वच्छ राहतो. किटली नको असेल तर नाडीची कापडी पिशवी मनगटात अडकवावी.

उन्हाळ्यात मात्र लोकर मांडीवर नकोशी होते. मे महिन्यात दुपारच्या गाडीत दुपटे विणायला बसलेली बाई मला अजून दिसायची आहे! तेव्हा क्रोशा घ्यावा. क्रोशाची सुई एकच, बोटभर लांब, दोरा सुती. साखळी आणि खांब एवढे दोन टाके आले तरी पुष्कळ काम होते. क्रोशाची आणखी सोय अशी की हुकावर एका वेळी एकच टाका असतो. गाडी थांबली, उतरायचे झाले, तर तो टाका ओढून मोठा करून ठेवायचा, बाकी काही सुटत नाही. तोरणाची फुले, ताटावरचे रुमाल, पाण्याच्या तांब्यावरची जाळी हे सगळे सुटे सुटे तुकड्यांनी होते, म्हणजे चौकोनासारखेच खेपेखेपेने. घरात मुलीचे लग्न ठरत आले असेल तर रुखवताचे तोरण गाडीत सुरू करावे. एका खेपेला तीनचार फुले. वर्षभरात दाराची चौकट पुरी होते आणि ऐन लगीनघाईत रात्री जागाव्या लागत नाहीत. हे तुकड्यातुकड्यांचे काम किती मोठे होऊ शकते ते ऐका. २०१६ साली चेन्नईला देशभरातल्या आणि परदेशातल्या बायकांनी आपापल्या घरी क्रोशाचे तुकडे केले, ते एकत्र जोडले आणि अकरा हजार चौरस मीटरांहून मोठी चादर अंथरली. जगातली सर्वांत मोठी म्हणून गिनेसच्या पुस्तकात तिची नोंद झाली. अकरा हजार चौरस मीटर म्हणजे पावणेतीन एकर. भाताची केवढी खाचरे त्यात बसतील याचा हिशेब तुम्हीच करा.

सगळा प्रवास मान खाली घालून विणत बसू नये, हेही सांगायला हवे. या वाटेवर डोळे वर करण्याच्या जागा आहेत. आपट्याच्या आसपास कर्नाळ्याचा सुळका अंगठ्यासारखा उभा दिसतो. आपटा स्टेशन सिनेमावाल्यांचे लाडके. १९९५ च्या "दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे" मधला शेवटचा गाडीचा प्रसंग तिथेच घेतला होता. तरुण मुली ते स्टेशन आले की विणकाम मांडीवर टाकून खिडकीशी जातात, जाऊ द्यावे. हमरापूर-पेण हा गणपतीचा मुलूख. पेणच्या मूर्ती देशभर आणि परदेशी जातात, आणि हमरापूर, कळवे, जोहे या गावांत तर घराघरांत कारखाने. तिथली बाईमाणसे मूर्तींचे रंगकाम करतात. कासू-नागोठण्याच्या पट्ट्यात एकीकडे खाडीची शेती आणि नागोठण्याजवळ रसायनांचा मोठा कारखाना. डब्यात भाजीवाल्या, रानमेवा विकणाऱ्या चढतात. वैशाखात करवंदे, मृगाच्या तोंडावर शेवळे, श्रावणात कंटोली, थंडीत पेणचे पोहे-पापड आणि वालाच्या शेंगा. शेंगा आल्या म्हणजे पोपटीचे दिवस आले. मडके आणि भांबुर्ड्याचा पाला घेऊन निघालेले कोणी ना कोणी तेव्हा या गाडीत भेटतेच. भाजीवाल्या बाईचे हात पाहा. टोपली खाली ठेवून गाडी सुटली की ती जुड्या बांधते, शेंगा निवडते. तिचे ते प्रवासातले कामच, आणि आपल्या विणकामापेक्षा त्याची तिला जास्त निकड.

विणून विकावे का, हा प्रश्न मला बायका नेहमी विचारतात. घरात पैशाची ओढ असते, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. माझे मत ऐका, पटले नाही तर सोडून द्या. लुधियानाचा यंत्रावरचा स्वेटर बाजारात ज्या किमतीला मिळतो त्या किमतीत तुमची नुसती लोकरही कधी कधी येत नाही. त्याच्याशी स्पर्धा करू नये. मोठा स्वेटर विकायला म्हणून विणलात तर दिवसाची मजुरी लावणीच्या मजुरीच्या जवळपासही जाणार नाही. मात्र बाळाचे मोजे, टोपरे, कानटोपी या लहान वस्तूंना ओळखीत गिऱ्हाईक मिळते, कारण तान्ह्या बाळाच्या अंगाला मऊ, हाताने विणलेलेच हवे असे अजून पुष्कळांना वाटते. किंमत सांगताना लोकरीचा खर्च आधी वेगळा मांडावा आणि मग तासांचा हिशेब करावा. "गाडीत बसल्याबसल्या केलंय, काय द्यायचं ते द्या" असे म्हणू नये. बसल्याबसल्या केले तरी ३,२०० टाके तुमच्याच बोटांनी घातलेले असतात. आणि पहिली टोपी घरच्या माणसाला घालावी, ती बसते कशी, ताणते कशी, धुतल्यावर आटते किती ते पाहावे, मगच दुसऱ्याकडून पैसे घ्यावेत.

नवशिक्या मुलींनी पहिल्याच खेपेला नवे विणकाम गाडीत सुरू करू नये. टाके घालणे आणि पहिल्या दहा ओळी घरी कराव्यात. त्या दहा ओळींत हाताला वळण लागते, चूक असेल तर दिसते, आणि गाडीत बसल्यावर नुसते पुढे जायचे राहते. पिशवीत एक लहान कात्री, टाके उचलायला क्रोशाची सुई, दोन सेफ्टी पिना आणि एक जुना रुमाल ठेवावा. रुमाल मांडीवर अंथरायला, म्हणजे साडीचे धागे लोकरीत आणि लोकरीचे तंतू साडीला लागत नाहीत. जवळ लहान मूल बसले असेल तर सुया आत ठेवाव्यात, मग कितीही ओळी राहिल्या असोत. अंधार पडल्यावर डब्यातल्या दिव्याला गडद रंग दिसत नाही. संध्याकाळच्या गाडीला पोपटी, पिवळा, गुलाबी असे उजळ रंग न्यावेत आणि निळा-काळा सकाळसाठी ठेवावा.

उतरण्याची तयारी कुठे करायची तेही ठरवून ठेवा. गाडी निडीला घटकाभरच थांबते आणि फलाटावर उतरताना एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पोर किंवा म्हातारे माणूस असते. निडीला उतरणारीने नागोठणे सुटले की चालू ओळ पुरी करावी, टोकांना बुचे लावावीत, ओळी मोजून गाठ मारावी आणि पिशवीची नाडी ओढावी. रोह्याला जाणारीने हेच निडीला करावे. मधल्या त्या काही मिनिटांत दोन ओळी आणखी होतील असा मोह होतो, पण तेवढ्यात कुंडलिकेचा गारवा खिडकीतून येऊ लागतो, माणसे दाराकडे सरकतात, आणि सामान खाली काढायला कोणीतरी तुमच्याच डोक्यावरून हात घालते.